साध्याभोळ्या नायकाला समाज घडवतो की मोडतो?

दोन्ही. पण ते नायकापेक्षा त्याला कोणती माणसं भेटतात यावर ठरतं, असं मला ठामपणे वाटतं.

रशियन लेखक दोस्तोयेव्हस्कीच्या 'इडियट' कादंबरीतला नायक मिश्किन स्वित्झर्लंडमधले उपचार आटोपून पीटर्सबर्गला परततो. त्याचा चांगुलपणा लोकांना आवडतो, पण पैसा, सोयरिकी आणि मानपानाच्या त्या जगात त्याला जागाच नसते. शेवटी ज्या बाईला तो वाचवू पाहतो त्या नास्तास्याचा खून होतो आणि मिश्किन पुन्हा भान हरपतो.

'बनगरवाडी'तला (१९५५) मास्तर तितकाच सरळ, वयानं पोरसवदाच. धनगरांची ती वाडी त्याला आधी पारखते, मग आपला मानते. लोक अडचणी घेऊन त्याच्याकडे येतात, त्याच्या शब्दावर तालीम उभी करतात. दुष्काळात वाडी ओस पडते, मास्तर मात्र तोवर जाणता झालेला असतो. व्यंकटेश माडगूळकरांनी हे कुठेही गळा न काढता लिहिलंय!

मी ठाण्यात वागळे इस्टेटच्या बाजूला राहतो. गावाकडून कामाला आलेल्या पोरांपैकी ज्याला गाववाल्यांच्या खोलीत जागा मिळते त्याचा सरळपणा टिकतो. एकटा पडलेला लवकर कोडगा होतो. म्हणून मला मास्तर जास्त जवळचा. एकच वाचणार असाल तर 'बनगरवाडी' घ्या, छोटी आहे.