जर्मनीत सगळे रिपोर्ट नॉर्मल असताना सायकोसोमॅटिक क्लिनिकमध्ये ॲडमिट व्हावं का? ऑफिसला कळतं का?

आधी सरळ उत्तर. व्हा ॲडमिट. (सायकोसोमॅटिक म्हणजे जिथे मन आणि शरीर दोन्हींवर एकत्र उपचार होतात.) ऑफिसला तुम्ही आजारी आहात, फार तर हॉस्पिटलात आहात, आणि कधीपासून कधीपर्यंत एवढंच कळतं, कंपनीकडे जी नोंद जाते तिच्यात डायग्नोसिस नसतो. फक्त सरकारी विमा असेल तर क्लिनिकच्या शिक्क्याचा कागद स्वतःहून नेऊन एचआरला देऊ नका.

पण तुम्ही लिहिलंय की घरचे म्हणतात, "रिपोर्ट नॉर्मल म्हणजे तुला काही झालेलं नाही, मनाचे खेळ आहेत, त्यासाठी हॉस्पिटलात जाऊन पडतात का?" हे मी माझ्या सख्ख्या भावाच्या तोंडून ऐकलंय आणि तो डॉक्टर आहे, पुण्यात हाडांचा. म्हणून हे उत्तर लांबणार.

मला चक्कर यायची. गरगरणारी नाही, पायाखालची फरशी हलतेय अशी, सुपरमार्केटच्या लांब रांगांमध्ये आणि एस-बान म्हणजे लोकल ट्रेनच्या फलाटावर जास्त. कानाचे डॉक्टर झाले, न्यूरो झालं, डोक्याचा एमआरआय झाला, होल्टर (दिवसभर ईसीजी घेणारं यंत्र) लावून झालं, सगळं स्वच्छ. शेवटी न्यूरोवाल्या बाईंनीच समजावलं की ही फंक्शनल चक्कर आहे, कानात कधीतरी बिघाड झाला असेल तर तो बरा होऊन गेलाय, पण तोल सांभाळणारी यंत्रणा अजून धोक्याच्या पवित्र्यात आहे आणि भीती वाटली की ती आणखी ताठ होते. म्हणजे चक्कर खरी, एमआरआयमध्ये दिसण्यासारखी नाही एवढंच. आणि त्यांनी मला हॉस्पिटलच्या सायकोसोमॅटिक विभागात पाठवलं.

दादाला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "अगं ही गोऱ्यांची थेरं आहेत, चार दिवस आईकडे ये, नीट जेव, झोप, होईल सगळं ठीक." थेरं कसली? इथे 1992 पासून ही डॉक्टरांची स्वतंत्र स्पेशालिटी आहे, एमडी मेडिसिन असतं तशी, आणि सरकारी विम्यात सायकोथेरपी 1967 पासून आहे. आपल्याकडेही 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच कव्हर द्यायचं असं लिहिलंय, हे डॉक्टर असून त्याला माहीत नव्हतं.

आणि पडून राहणं तिथे शक्यच नसतं. दर आठवड्याला हातात टाइमटेबलचा कागद येतो. सकाळी राउंड, मग एकटीचं थेरपी सेशन, ग्रुप, याकोबसनचं स्नायू आवळायचे-सोडायचे ते रिलॅक्सेशन, मातीकाम, शरीराच्या हालचालींची थेरपी, फिजिओ. एक नर्स तुमची म्हणून ठरवलेली असते, काही झालं की आधी तिच्याकडे जायचं. रात्रीचं जेवण साडेपाचला, ब्रेड आणि चीज, मी लसणाची चटणी नेली होती म्हणून तगले, तुम्हीही न्या.

फिजिओत मऊ फोमच्या जाड गादीवर पाय जुळवून उभं राहायचं आणि डोळे मिटायचे. पहिल्यांदा मी भिंतीला पाठ लावूनच उभी होते आणि तरी घाम फुटला. फिजिओवाली धरत नव्हती, नुसती हातभर अंतरावर उभी राहून म्हणायची, हलू दे शरीर, थांबवू नकोस. हे रोज. मला विचाराल तर बोलण्याइतकाच या गादीचा उपयोग झाला.

आता तो वीकेंड. मधल्या आठवड्यांत एकदा रात्री घरी राहायला सोडतात, घरच्या वातावरणात तुम्ही कसे राहता ते तपासायला. मी घरी आले, मुलगी चिकटून बसली होती, नवऱ्याने खिचडी टाकली होती आणि दादाचा व्हिडिओ कॉल आला. आई पण मागे बसलेली. मी कौतुकाने मातीचा केलेला वाडगा दाखवला. तो म्हणाला, "म्हणजे नोकरी सोडून तू तिकडे बालवाडीत बसलीयस. माझ्याकडे पेशंट मणका मोडून येतात, तेही तक्रार करत नाहीत." आई काही बोलली नाही. मीही हसले आणि म्हटलं, हो रे, आणि त्याच क्षणी खुर्चीत बसल्या बसल्या खोली डावीकडे कलली. ओट्याची कड धरून उठले.

सोमवारी ग्रुपमध्ये हे सांगितलं. ग्रुपमध्ये एक ट्रक ड्रायव्हर होता, पन्नाशीचा, पाठदुखीने आलेला, एरवी तास तास गप्प बसायचा. त्याने फक्त विचारलं, "मग तू काय म्हणालीस त्याला?" मी म्हटलं, हो म्हणाले. थेरपिस्टने समोर रिकामी खुर्ची ठेवली आणि म्हणाली, तिथे भाऊ बसलाय असं समज, आणि तुझ्या भाषेत बोल, आम्हाला कळलं नाही तरी चालेल. मी सुरू झाले ते थांबेचना, लहानपणापासून तू ठरवणार कुणाला काय लागलं आणि कुणाला नाही, माझा ताप तू हात लावून खोटा ठरवायचास, सगळं. चक्कर त्या दिवशी गेली वगैरे काही झालं नाही, तशी ती जातही नाही. पण कुठल्या प्रसंगी ती येते हे मला पहिल्यांदा दिसलं, आणि ते बाहेर आठवड्याला एक तास बसून दिसलं नसतं असं माझं ठाम मत आहे. रोज सकाळी उठून त्याच गोष्टीला हात घालावा लागतो म्हणून दिसलं.

दादा, तू हे वाचत असशील तर, मणका मोडलेल्या पेशंटलाही ऑपरेशननंतर दुखतच राहतं आणि तुमचा एक्सरे चांगला येतो, तेव्हा त्याला काय सांगतोस?

असो. पैशाचं. सरकारी क्रांकनकासे म्हणजे आरोग्य विमा असेल तर हॉस्पिटलात आपण दिवसाला 10 युरो भरायचे, तेही वर्षात जास्तीत जास्त 28 दिवसांचे. पगार पहिले सहा आठवडे कंपनी देते, मग क्रांकनगेल्ड, म्हणजे विम्याकडून मिळणारे आजारपणाचे पैसे, सुरू होतं, ग्रॉसच्या 70 टक्के पण नेटच्या 90 टक्क्यांच्या वर नाही. व्हिसाचं टेन्शन घेताय तर क्रांकनगेल्ड आपण भरलेल्या हप्त्यांतून येतं, सरकारी मदतीत धरत नाहीत. मूल 12 वर्षांखालचं असेल आणि घरी बघणारं कुणी नसेल तर घरकामाला माणूस मिळतो, आधी अर्ज करा. परतताना एकदम आठ तास बसू नका, हॅम्बुर्ग मॉडेलने थोडे थोडे तास वाढवत जाता येतं.

हे राहिलंच, प्रायव्हेट विमा असेल तर ॲडमिट होण्याआधी लेखी मंजुरी घ्या, कारण ज्या क्लिनिकमध्ये उपचार आणि रिहॅब दोन्ही चालतं तिथलं बिल मंजुरीशिवाय अडकतं. काम करता न येण्याचा विमा काढायचा विचार असेल तर त्या फॉर्ममध्ये हे सगळं विचारतात, लपवायचं नाही. जर्मन अगदीच कच्चं असेल तर ग्रुप जड जातो, आधीच्या भेटीत स्पष्ट विचारा. आणि जीव द्यायचे विचार येत असतील तर वेटिंग लिस्टवर थांबायचंच नाही, सरळ सायकिॲट्रीच्या इमर्जन्सीत जायचं किंवा 112 लावायचा.

वेटिंग महिनोन् महिने असतं, त्यामुळे घरच्यांना पटायची वाट बघू नका, हाउसआर्ट्स म्हणजे फॅमिली डॉक्टरकडून आइनवायझुंग (ॲडमिट होण्याची चिठ्ठी) घ्या आणि दोन-तीन ठिकाणी नाव घालून टाका.