अभयारण्यात हेलिकॉप्टरने तणनाशक? कशाला?

प्रश्न : फ्लोरिडातल्या लॉक्साहॅची अभयारण्याच्या दलदलीत वरून तणनाशक फवारलं जातं असं ऐकलं. प्राण्यांसाठी राखलेल्या जागेत विष कशाला हो? माणसं लावून उपटता येत नाही का?

उत्तर : शंका रास्तच आहे, पण तिथला शत्रू कोण ते बघा. लायगोडियम नावाचं वेलासारखं नेचं आहे, ते झाडावर शेंड्यापर्यंत चढतं आणि वरून जाड गोधडी टाकल्यासारखं पसरतं, खालच्या झाडाला ऊनच मिळत नाही, शिवाय आग लागली की ज्वाळा त्याच वेलावरून सरळ वर. बीजाणू वाऱ्याने उडतात, कामगारांच्या कपड्यांना चिकटूनही फिरतात, म्हणजे उपटायला गेलो आणि पेरून आलो! हाताने काम होतंच, वेल कमरेएवढ्या उंचीवर कापायचा, वरचा वाळू द्यायचा, खालच्यावर औषध मारायचं. पण दलदलीतल्या झाडांच्या बेटांवर धड पाय ठेवायला जागा नाही, तिथे हेलिकॉप्टर लागतं.

मात्र औषध कुठलं यावर सगळं आहे. ग्लायफोसेट दिसेल त्या हिरव्याला मारतं, मेटसल्फ्युरॉन त्यामानाने निवडक. आणि बेडकांना धोका बऱ्याचदा मूळ औषधापेक्षा त्यात मिसळलेल्या साबणासारख्या द्रव्याचा असतो, म्हणून पाण्यात वापरायला चालेल असं वेगळं मिश्रण घ्यावं लागतं. वारा असेल तर फवारणी नकोच.

माझं मत विचाराल तर फवारून विसरून जाणं म्हणजे पैसे पाण्यात, वेल परत फुटतोच. तण आवरायला किडेही सोडलेत तिथे, मेलाल्युका नावाच्या दुसऱ्या उपद्रवी परक्या झाडावर १९९७ मध्ये पानं खाणारे भुंगे सोडले, ते हळू चालतात पण रोज चालतात.