वेअर स्कार ०.४२ आणि ०.४८ मिमी असलेल्या दोन गिअर ऑइलांपैकी कोणते चांगले?

तुम्ही दिलेल्या माहितीनुसार पहिल्या तेलाच्या पत्रकावर फोर बॉल (चार छर्‍यांच्या) चाचणीचा वेअर स्कार, म्हणजे झिजेच्या डागाचा व्यास, ०.४२ मिमी आहे. दुसऱ्याच्या पत्रकावर तो ०.४८ मिमी असून सोबत वेल्ड लोड, म्हणजे छर्रे एकमेकांना वितळून चिकटतात तो भार, २५० किलो असेही छापले आहे. वंगणांच्या चाचण्या मी रोज करतो, म्हणून स्पष्ट सांगतो की स्कारच्या या दोन आकड्यांवरून निवड करता येणार नाही.

स्कार मोजण्याच्या एएसटीएम डी ४१७२ या अमेरिकी प्रमाणित पद्धतीत १२.७ मिमी व्यासाचे तीन पोलादी छर्रे तेलाच्या वाटीत घट्ट बसवतात आणि त्यांच्यावर दाबून धरलेला चौथा छर्रा ७५ अंश सेल्सिअसला, मिनिटाला १२०० फेऱ्यांच्या वेगाने, तासभर फिरवतात. भार बहुधा ४० किलो असतो, पण ही पद्धत १५ किलोलाही मान्यता देते, त्यामुळे भार छापलेला नसेल तर आकडा निरर्थक ठरतो. नंतर खालच्या तिन्ही छर्‍यांवर पडलेला झिजेचा डाग सूक्ष्मदर्शकाखाली ओरखड्यांच्या दिशेने एकदा आणि आडवा एकदा मोजून सहा मापांची सरासरी काढतात. ४० किलो भाराखाली छर्रे न फिरताही नुसत्या दाबाने सुमारे ०.३० मिमीचे संपर्कवर्तुळ तयार होते, म्हणजे खरी झीज मोजायची ती त्याच्या पुढची. शिवाय, त्याच माणसाने, त्याच यंत्रावर, तेच तेल पुन्हा तपासले तरी ०.१२ मिमीपर्यंतचा फरक ही पद्धत गृहीत धरते. दोन वेगळ्या प्रयोगशाळांसाठी ती मर्यादा ०.२८ मिमी आहे. तुमच्या दोन तेलांतला फरक ०.०६ मिमीचा आहे.

वेल्ड लोड हा निराळाच गुण आहे. तिथे दर वेळी नवे छर्रे आणि ताजे तेल घेऊन, फक्त दहा सेकंद यंत्र चालवत भार टप्प्याटप्प्याने वाढवत नेतात, आणि शेवटी चारही छर्रे वितळून एकमेकांना असे जुळतात की हाताने सुटत नाहीत. ज्या तेलात गंधक-फॉस्फरसयुक्त ईपी (एक्स्ट्रीम प्रेशर, म्हणजे अतिदाबात टिकणारी) रसायने असतात, ते इथे तग धरते, कारण त्या उष्णतेत ती रसायने पोलादावर संरक्षक थर तयार करतात. सौम्य भाराखाली झीज कमी ठेवणारे तेल इथे लवकर हार मानू शकते, आणि याच्या उलटही घडते. घर्षणाचेही तसेच आहे: झीज कमी म्हणून घर्षण कमी, असे मानू नये.

गिअरबॉक्ससाठी मी स्वतः एफझेडजी या गिअरवरच्या चाचणीचा निकाल अधिक महत्त्वाचा मानतो, कारण तिथे छर्‍यांऐवजी खरे दाते एकमेकांवर घासतात. तिच्या नेहमीच्या प्रकारात तेल ९० अंशांपासून सुरू करून बारा भारटप्पे घेतात, प्रत्येक टप्पा पंधरा मिनिटांचा असतो, आणि उच्च भारटप्प्यांवर दात तपासून ओरखडे, खरवडलेले पट्टे शोधतात. दोन्ही पुरवठादारांकडून नापास झालेला टप्पा लेखी मागवा. ‘बाराव्या टप्प्यातही उत्तीर्ण’ असे उत्तर असेल तर पहिल्या तेलाचा वेल्ड लोडही मागवा. आणि तुमचा गिअरबॉक्स वर्म प्रकारचा, काशाच्या चाकाचा असेल, तर तांब्याच्या पट्टीच्या गंज-चाचणीचा निकाल पाहिल्याशिवाय जास्त वेल्ड लोडचे तेल भरू नका, कारण काही सक्रिय गंधकयुक्त ईपी रसायने काशालाच खातात.