पहिली ऑफरोड बाईक घेताना
भावा, इंजिनच्या ताकदीचा ४० पीएसचा आकडा बघून थेट रॉयल एनफिल्डच्या हिमालयन ४५० वर उडी मारू नकोस, ती १९६ किलोची आहे, घाटातल्या चिखलात आडवी झाली की एकट्याने उचलताना घाम फुटतो. शिकायला हिरोची एक्सपल्स २०० बेस्ट, ताकद निम्मीच पण वजन पण बरंच कमी, आणि पडल्यावर लिव्हर, इंडिकेटर स्वस्तात मिळतात (पडणार तर आहेसच, घाबरू नकोस).

नवीन पोरं हमखास चुकतात ते इथे:
- कावासाकी केएक्स २५० सारखी डर्ट बाईक (फक्त ट्रॅकवर चालवायची) घेतात. तिचं आरटीओ पासिंगच होत नाही, ट्रॅकवर टेम्पोतून न्यावी लागते.
- सगळे पैसे बाईकवर घालवतात. बूट, नी गार्ड, हेल्मेटचे आधी बाजूला काढ.
- मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, मग चलान.

सस्पेन्शन सेटिंग नंतर बघू, आधी फुटपेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) उभं राहून चालवायला शीक.