नोआ लुईसचा दम

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. व्हिडिओखाली सगळ्यांची नावं आली, कॅमेरा धरणाऱ्याचंही आलं, माउथ ऑर्गनवालीचं तेवढं राहिलं. म्हणून ग्रुप सोडतेस म्हणतेस. सोड की, मी कोण अडवणारा? पण त्याआधी नोआ लुईस ऐक.

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात हेनिंग नावाचं खेडं आहे, तिथला हा. जन्म 1890 च्या आसपासचा. मेम्फिसच्या एका जग बँडमध्ये माउथ ऑर्गन वाजवायचा. हे 'जग' म्हणजे आपलं त्रिभुवन नव्हे, दारूचा मातीचा बुधला. खर्जासाठी महागडं वाद्य घ्यायला पैसे नाहीत, मग कृष्णवर्णीय वादकांनी रिकामा बुधलाच तोंडाशी धरला. ही रीत आधी लुईव्हिल शहरात रुजली आणि मग मेम्फिसला आली.

महालक्ष्मीच्या रात्री बायका घागर फुंकतात, पाहिलंयस ना? काठावरून फुंकर गेली की घागर घुमते, पण आपल्या एकाच सुरात. यांची युक्ती निराळी. ओठ बिगुलवाल्यासारखे फडफडवायचे, बुधल्याला न टेकवता. सूर ओठांचा, घुमारा बुधल्याचा. ओठ आवळले की सूर चढतो, सैल सोडले की उतरतो. घरी करून बघ, पहिल्या दिवशी नुसती थुंकी उडते.

बँडचा म्होरक्या गस कॅनन. त्याचं पहिलं बँजो तळणीच्या तव्याला रॅकूनचं कातडं ताणून केलेलं होतं. पुढे त्याने बुधला गळ्यात अडकवायची सोय केली, म्हणजे हात बँजोला मोकळे. बँडचा एक फोटो आहे, त्यात गळ्यात बुधला घेतलेला कॅनन लगेच नजरेत भरतो. नोआकडे लक्ष जातं ते नंतर. नावही कॅननचंच, 'कॅनन्स जग स्टॉम्पर्स'. 30 जानेवारी 1928 ला व्हिक्टर कंपनीसाठी त्यांचं पहिलं रेकॉर्डिंग मेम्फिसमध्ये झालं.

पण त्या तबकड्या लाव आणि डोळे मीट. तुला कोण ऐकू येतं ते मला सांग. गाणारा थांबला की नोआचा माउथ ऑर्गन जो हंबरडा फोडतो, त्यापुढे बाकी सगळे मागे सरकल्यासारखे वाटतात. वाद्य साधं दहा भोकांचं, तुझ्या क्रोमॅटिक माउथ ऑर्गनला मधल्या सुरांसाठी आहे तसलं बटण नाही. मधले सूर जिभेने, घशाने, श्वास आत ओढत वाकवून काढायचे. कॅनन सांगायचा की हा पठ्ठ्या दोन माउथ ऑर्गन एकदम वाजवायचा, एक तोंडाने, दुसरा नाकाने! गंमत म्हणून ठीक, तू मात्र त्या फंदात पडू नकोस. 'चिकसॉ स्पेशल' या एकट्याच्या तबकडीत त्याने अख्खी आगगाडी काढलीय.

'व्हायोला ली ब्लूज' 1928 चं, तेही त्यानेच गायलेलं. तुरुंगाच्या शिक्षेचं गाणं. त्यात तो गळ्याने जेवढं सांगतो, त्याहून जास्त वाद्याने सांगतो.

1930 नंतर मंदीने तबकड्यांचा बाजार बसला आणि बँडचं रेकॉर्डिंग थांबलं. नोआ हेनिंगजवळच्या रिप्ली गावाकडे परतला, गरिबीतच जगला. थंडीने पाय गोठले, गँगरीन झालं, 1961 मध्ये गेला. दोनच वर्षांनी, 1963 च्या जानेवारीत, कॅननचं 'वॉक राइट इन' दुसऱ्याच मंडळींनी गायलं आणि ते अमेरिकेत पहिल्या नंबरावर गेलं. म्हाताऱ्या कॅननने त्याआधी थंडीत घर तापवायच्या खर्चापायी बँजो गहाण टाकलं होतं. तो ते दिवस बघायला उरला तरी. 1967 मध्ये ग्रेटफुल डेड या बँडने पहिल्याच अल्बममध्ये 'व्हायोला ली' घेतलं, तीन मिनिटांचं चांगलं दहा मिनिटं लांबवलं. ते ऐकायला नोआ नव्हता.

आता माझं. एका कॅसेटवर मी सहा गाण्यांना वाजवलं. कव्हरवर निवेदकाचं नाव होतं, माझं नव्हतं. पुढचे दोन महिने मी असा वाजवत होतो की गायिकाच एकदा तालमीत थांबली आणि म्हणाली, "काका, तुम्ही माझ्यावर ओरडताय का?" राग फुंकरीत उतरतो पोरी. तबल्यावर तो कदाचित जोर म्हणून खपेल, आपल्या वाद्यात लगेच उघडा पडतो.

म्हणून नावाचं भांडण नावाच्या जागी कर. पुढच्या रेकॉर्डिंगआधी ग्रुपवर सरळ लिही: कोण काय वाजवणार, नाव कसं छापायचं, पैसे किती. लाजायचं नाही. गाणं तुझं असेल तर तारखेसकट कागदावर उतरव, सही घे. आणि जुन्या व्हिडिओत नाव घालायला आजच सांग, ते दोन मिनिटांचं काम आहे. एवढं करूनही टाळाटाळ झाली तर खुशाल बाहेर पड, मीच तुला दुसरा ग्रुप बघून देईन. पण माउथ ऑर्गन तोंडाला लावलास की हे सगळं खिशात.

रविवारी येशील तेव्हा क्रोमॅटिक घरी ठेव. सी पट्टीचा दहा भोकांचा आण, आणि मिळाली तर एक रिकामी बरणी. सूनबाई ओरडेल, तिचं मी बघतो.

तुझा,
काका