लहानपणची केस आणि पोलिस व्हेरिफिकेशन: तुमचे प्रश्न, वकिलांची उत्तरं

प्रश्न: माझा भाचा सतरा वर्षांचा असताना कॉलेजबाहेर मारामारी झाली, त्यात याचंही नाव आलं. बालन्याय मंडळापुढे (अल्पवयीन मुलांच्या केसेस बघणारं मंडळ) गेला, त्यांनी समज देऊन घरी सोडलं. आता तो 23 चा आहे, पोलिस भरतीत सिलेक्शन झालंय आणि व्हेरिफिकेशनला गेल्यावर तिथला एकजण म्हणतो जुनी केस रिपोर्टात लिहावीच लागणार. पोरगं धड जेवत नाहीये. आता काय करायचं? (एक मावशी, नाव छापू नका)

उत्तर: मावशी, आधी त्याला जेवायला बसवा, कारण कायदा त्याच्या बाजूने आहे. 2015 च्या बालन्याय कायद्याचं कलम 74 बघा, त्यात सरळ लिहिलंय की मुलाची केस बंद झाली किंवा निकाली निघाली असेल तर पोलिसांनी चारित्र्य प्रमाणपत्रासाठी किंवा आणखी कशासाठीही त्याचं रेकॉर्ड उघड करायचं नाही. त्याच कलमात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे, पण ती मुलाची ओळख बातमीत वगैरे उघड करणाऱ्यासाठी आहे. म्हणजे 'लिहावीच लागणार' म्हणणाऱ्या साहेबांना उलट 'लिहायचीच नाही' असं कायदा सांगतोय.

दुसरं कलम 24. लहानपणी केलेल्या गुन्ह्यामुळे पुढे नोकरीबिकरीला अपात्र ठरवता येत नाही, आणि दोषी ठरल्याचं रेकॉर्डसुद्धा ठरावीक मुदतीनंतर नष्ट करायचं असतं. केंद्राच्या 2016 च्या नियमांत अपिलाची मुदत किंवा सात वर्षं, त्याहून जास्त नाही, असं आहे. अपवाद एकच आणि तो नीट समजून घ्या: ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षं शिक्षा आहे असा घृणास्पद गुन्हा, मुलाचं वय 16 च्या वर, आणि बाल न्यायालयाने (हे मंडळाहून वेगळं कोर्ट) त्याच्यावर मोठ्या माणसासारखा खटला चालवून दोषी ठरवलं, तर हे संरक्षण मिळत नाही. कॉलेजच्या गेटवरची मारामारी ज्यात मंडळाने समज देऊन सोडलं ती यात बसत नाही. आणि वय बघायचं ते गुन्ह्याच्या दिवशीचं, केस चार वर्षं रखडून पोरगा एकवीसचा झाला तरी काही फरक पडत नाही, हे पोलिस स्टेशनातच काय काही वकिलांनाही सांगावं लागतं.

आता भाच्याच्या बाबतीत अडचण अशी की नोकरी देणारं खातं तेच आणि नोंद सांभाळणारं खातंही तेच, त्यामुळे तोंडी वाद घालून उपयोग नाही, कागद हातात पाहिजे. मंडळाच्या आदेशाची सर्टिफाइड नक्कल काढा. मग पोलिस अधीक्षकांना (शहर असेल तर आयुक्तांना) लेखी अर्ज द्या, कलम 74 आणि 24 दोन्ही लिहा आणि पोच घ्या, पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका. सोबत सुप्रीम कोर्टाचा 2019 चा रमेश बिश्नोई निकाल जोडा. तो सीआयएसएफच्या (केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल) नोकरीचा मामला होता आणि कोर्टाने म्हटलं की आरोप खरे धरले तरी ते अल्पवयीन असतानाचे आहेत, त्यावरून नोकरी नाकारता येत नाही. एवढं करूनही नाकारलं तर मग हायकोर्ट.

राहिला फॉर्म. 'कधी अटक झाली होती का, केस होती का' असा सरळ प्रश्न असेल तर माझं मत, रिकामा सोडू नका आणि 'नाही' पण लिहू नका, 'अल्पवयीन असताना मंडळापुढे प्रकरण होतं, निकाली निघालं, कलम 24 लागू' एवढी एक ओळ लिहा. असं विचारणंच चूक आहे हे मला मान्य आहे, पण ती लढाई नोकरी हातात आल्यावर लढा.

प्रश्न: मी 24 वर्षांचा असताना शेजाऱ्याशी भांडणाची केस झाली, निर्दोष सुटलो. तरी कंपनीच्या बॅकग्राउंड चेकमध्ये ती दिसते. पुसून टाकता येते का?

उत्तर: दादा, तुम्ही तेव्हा सज्ञान होता, त्यामुळे वरचं काहीच तुम्हाला लागू नाही. निर्दोष सुटलं की रेकॉर्ड आपोआप पुसलं जाईल असा सरसकट कायदा आपल्याकडे नाही. चेक करणाऱ्या एजन्सीज बरेचदा ई-कोर्ट्स या कोर्टांच्या सरकारी वेबसाइटवर नाव टाकून शोधतात आणि तिथे केस दिसते, निकाल काय लागला ते वाचायचे कष्ट घेतीलच असं नाही. म्हणून निकालाची नक्कल पीडीएफ करून जवळ ठेवा आणि एचआरने विचारायच्या आधी तुम्हीच पाठवा. सरकारी नोकरीसाठी अवतार सिंग प्रकरणातला 2016 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल बघायचा: केस लपवली तर नोकरी जाऊ शकते, पण किरकोळ बाब असेल तर साहेबांनी तारतम्य वापरायचं आहे, आणि फॉर्ममध्ये जे स्पष्ट विचारलंच नाही ते सांगितलं नाही म्हणून लपवलं असं धरता येत नाही. माझ्याकडे येणाऱ्यांत केसमुळे अडकलेले कमी आणि 'नाही'वर टिक केल्यामुळे अडकलेलेच जास्त.

प्रश्न: केस अजून चालू आहे, पासपोर्ट मिळेल का?

उत्तर: मिळू शकतो. कोर्टात फौजदारी केस पेंडिंग असेल तर पासपोर्ट कायद्याच्या कलम 6 खाली नाकारता येतो, पण केंद्र सरकारच्या 1993 च्या अधिसूचनेप्रमाणे ज्या कोर्टात केस आहे त्याची परदेशी जायची परवानगी आणली तर देतात. परवानगीत मुदत लिहून घ्या, नाहीतर पासपोर्ट एका वर्षाचाच निघतो आणि दरवर्षी पुन्हा तीच फेरी.