वाचकांचे प्रश्न : नेट झिरोचा फॉर्म आलाय, सुरुवात कुठून करू?

प्रश्न : उद्यमबागेत आमची छोटी फाउंड्री (लोखंड ओतून पार्ट बनवायचा कारखाना) आहे, विजेवर चालणारी एक इंडक्शन भट्टी. निर्यातदाराने कार्बनचा हिशेब आणि नेट झिरोचं, म्हणजे सोडलेला आणि शोषलेला कार्बन सारखा होण्याचं, वर्ष मागितलंय. सल्लागार म्हणतात, सोलर बसवा, झाडं लावा. नीट मार्गदर्शन कुठे मिळेल? – एक वाचक, बेळगाव

उत्तर : वर्ष लिहायची घाई करू नका. 2070 हे देशाचं लक्ष्य आहे. ते फॉर्मवर उतरवून तुमच्या भट्टीचं एक युनिटही वाचत नाही. आधी बारा महिन्यांची हेस्कॉमची (वीज कंपनीची) बिलं, डिझेलच्या पावत्या आणि डिस्पॅच रजिस्टर काढा. विजेच्या युनिटमागे साधारण 0.7 किलो आणि डिझेलच्या लिटरमागे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरा. समजा, महिन्याला 60,000 युनिट आणि 400 लिटर लागले, तर झाले सुमारे 43 टन. माल गेला 50 टन, म्हणजे टनामागे 860 किलो. भागाकार पाठवलेल्या मालानेच करा. ओतलेल्या धातूने केला की रिजेक्शन (नापास माल) झाकलं जातं, आणि खरी गळती तिथेच असते. पिग आयर्नचा (विकत घेतलेल्या कच्च्या लोखंडाचा) कार्बन वेगळ्या रकान्यात दाखवा.

भट्टीला स्वतंत्र मीटर लावून दर हीटचे (एका वेळच्या वितळवणीचे) युनिट लिहा. टनभर लोखंड वितळवायला 550 ते 700 युनिट पुरतात. आकडा त्यावर गेला तर पाहा : धातू तयार असून मोल्डसाठी (साच्यासाठी) थांबलाय का, झाकण उघडं राहतंय का, रनर-रायझर (ओतकामाला चिकटून उरणारे जादा तुकडे) वाळूसकट भट्टीत पडतायत का. ती वाळू वितळून स्लॅग (मळी) होते आणि वीज खाते. हे परत वितळवायचे तुकडे शॉट ब्लास्ट करूनच, म्हणजे छर्‍यांच्या मार्‍याने वाळू झाडूनच, भरा.

हवेची गळतीही तपासा. सुट्टीच्या दिवशी हवेवर चालणारी सगळी हत्यारं बंद ठेवून कॉम्प्रेसर चालवा. तो 2 मिनिटं लोडवर (हवा भरत) आणि 6 मिनिटं अनलोडवर (हवा न भरता) राहिला, तर त्याच्या क्षमतेच्या 25 टक्के हवा गळतेय.

सोलर जरूर बसवा, पण हे झाल्यावर. नाहीतर गळणाऱ्या हवेसाठी पॅनेल विकत घ्याल.

ऑडिटसाठी ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने प्रमाणित केलेलाच ऑडिटर घ्या आणि त्याच्याकडून मोजमापाचे आकडे मागा. ब्युरो आणि युनिडो (संयुक्त राष्ट्रांची औद्योगिक विकास संस्था) यांच्या प्रकल्पात कोईमतूर, इंदूरबरोबर बेळगावच्या फाउंड्र्याही होत्या. लघुउद्योगांसाठीच्या ‘समीक्षा’ या व्यासपीठावरची फाउंड्रीची माहितीही वाचा. माल युरोपला जात असेल तर निर्यातदाराकडून एचएस कोड (मालाच्या प्रकाराचा सीमाशुल्क क्रमांक) लेखी घ्या. 7307 खालची पाईप फिटिंग्ज युरोपच्या कार्बन कराच्या नियमात येतात, पण लोखंडाचा प्रत्येक पार्ट येतो असं नाही.